लेकीला मैत्रिणीबरोबर स्टेडियममधल्या रॉक कॉन्सर्टला पाठवू का? एका साउंडवाल्याचं उत्तर

साताऱ्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. मुलगी १६ वर्षांची, अकरावीत. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये एका परदेशी रॉक बँडचा कार्यक्रम आहे आणि तिला वर्गातल्या मैत्रिणीबरोबर जायचं आहे. दोघीच जाणार, मुक्काम वाशीला आत्याकडे. पाठवावं का, तिकीट कुठलं काढावं आणि एवढ्या आवाजाने कानांना इजा होते का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ताई, मी गेली २० वर्षं मैदानावरच्या कार्यक्रमांचं साउंड करतो. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: पाठवा. मैत्रिणीबरोबरच पाठवा. फक्त जाण्याआधी दोघींना समोर बसवून तासभर बोला. काय बोलायचं ते खाली सविस्तर लिहितो. त्यातला सगळ्यात मोठा भाग कानांचा आहे, कारण बाकीच्या गोष्टींचं लोक थोडंफार बघतात, कानांचं कुणीच बघत नाही.

मी स्वतः पहिल्यांदा गेलो तेव्हा १६ वर्षांचाच होतो. ७ एप्रिल २००३, सोमवार. दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. रोलिंग स्टोन्स हा इंग्लंडचा रॉक बँड भारतात आला होता. बंगळूरचा कार्यक्रम करून ते मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवणार होते. मामाने परीक्षा संपल्याचं बक्षीस म्हणून दोन तिकिटं दिली, एक माझं आणि एक माझ्या जिवलग मित्राचं. डोंबिवलीहून सीएसटीची फास्ट पकडली आणि तिथून चालत चर्चगेट. आत शिरल्याबरोबर आम्ही जमेल तितके पुढे घुसलो आणि स्टेजच्या उजव्या हाताच्या स्पीकरच्या भिंतीपासून दहा-बारा पावलांवर उभे राहिलो. आमच्या मते ती मैदानातली सगळ्यात भारी जागा होती.

पहिला ठोका पडला आणि माझ्या शर्टाचं कापड हललं. हे मी शब्दशः सांगतोय. त्यांचा ड्रमर चार्ली वॉट्सचा ड्रमसेट तसा लहानसा, पण त्याच्या बास ड्रमचा ठोका कानांच्या आधी छातीत बसत होता. मित्र माझ्या कानाला तोंड लावून ओरडत होता तरी एक अक्षर कळत नव्हतं. तासाभराने त्याला तहान अनावर झाली म्हणून आम्ही मागे पाणी शोधत निघालो आणि मैदानाच्या मधल्या भागात एका तंबूसारख्या मांडवापाशी पोचलो. तिथे आवाज एकदम बदलला. गायक मिक जॅगरचे शब्द सुटे-सुटे ऐकू यायला लागले. कीथ रिचर्ड्सची गिटार वेगळी आणि रॉनी वूडची वेगळी कळायला लागली. इतका वेळ आम्ही नुसता गदारोळ ऐकत होतो, गाणं इथे येऊन ऐकलं.

त्या मांडवात सगळ्या वाद्यांचा आवाज मिसळायचा मोठा कन्सोल होता आणि त्यामागे एक माणूस उभा होता. गिटारचा सोलो सुरू होताना त्याने एका फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावर, ठेवलेलं बोट किंचित, नखभर, वर सरकवलं आणि ती गिटार सगळ्या बँडच्या पुढे येऊन उभी राहिली. हजारो माणसांपैकी ते बोट बघणारे बहुतेक आम्ही दोघेच असू. मी आज जे काम करतो ते त्या नखभर हालचालीमुळे.

म्हणून पाठवा म्हणतो. या वयात जे कानावर पडतं ते आयुष्यभर पुरतं. आणि ते एकट्याने ऐकण्यात आणि शेजारी आपलं माणूस असताना ऐकण्यात फार फरक असतो. माझा मित्र आणि मी आजही भेटलो की त्या रात्रीचं बोलणं निघतंच.

आता त्या रात्रीचा दुसरा भाग. शेवटच्या गाडीने घरी आलो, अंथरुणावर पडलो आणि कानात शिट्टी. बारीक, न थांबणारी, टीव्हीचं प्रक्षेपण संपल्यावर यायची तशी. सकाळी आई स्वयंपाकघरातून हाक मारत होती ती मला कळलीच नाही, आणि कुकरची शिट्टी शेजारच्या घरातून आल्यासारखी वाटली. माझं दोन दिवसांत ओसरलं. मित्राचं आठवडाभर चाललं. आम्ही दोघांनी ते शौर्यासारखं मिरवलं. घरी सांगितलं नाही, डॉक्टरांकडे गेलो नाही.

त्यानंतर मित्र कॉलेजात ढोल-ताशा पथकात गेला, सहा वर्षं ताशा वाजवला, शिवाय कार्यक्रमांना जाणं सुरूच. मी साउंडमध्ये आलो आणि माझ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात कानात घालायचे प्लग ठेवले. त्याला ते सांगणारं कुणी भेटलं नाही. आज तो चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे आणि त्याच्या कानातली शिट्टी कायमची आहे. पंखा लावल्याशिवाय त्याला झोप लागत नाही, कारण शांत खोलीत ती शिट्टी मोठी होते. हे त्या एका रात्रीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण सुरुवात तिथे झाली, आणि मी त्याच्या शेजारी उभा होतो. म्हणून मला हे लिहावंसं वाटतं.

आतल्या कानात शंखासारखा एक अवयव असतो. त्यात सूक्ष्म केसांसारखे तुरे असलेल्या साधारण १५,००० पेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या डोलतात आणि मेंदूला संदेश जातो. फार मोठ्या आवाजात त्या वादळातल्या ज्वारीसारख्या आडव्या होतात. थोडक्यात निभावलं तर दिवस-दोन दिवसांत सावरतात, नाही तर मरतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. शिट्टी वाजणं म्हणजे कानाची तक्रार असते, ‘आवाज जास्त झाला’ अशी.

किती आवाज म्हणजे जास्त, याचा हिशोब सोपा आहे. कारखान्यांतल्या कामगारांसाठी ८५ डेसिबल ८ तास ही मर्यादा धरण्याची पद्धत आहे. त्यावर दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, असं करत १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. रॉक कॉन्सर्टच्या मैदानात १०० डेसिबल सहज असतात आणि स्पीकरच्या तोंडाशी त्याहून बरेच जास्त. म्हणजे दोन तासांच्या कार्यक्रमात आठ दिवसांचा कोटा संपतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी जे मानक काढलं, त्यात सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, प्रेक्षकांना इअरप्लग मिळावेत आणि कानांना विश्रांती देणारी शांत जागा असावी, असं म्हटलं आहे. माझ्या कन्सोलवर मी मीटर लावून ठेवतो. पण दुसऱ्याच्या कार्यक्रमात कोण काय ठेवेल याची खात्री मी तुम्हाला देऊ शकत नाही, म्हणून प्लग तुमच्याकडूनच घेऊन जाऊ देत.

औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग अगदी स्वस्तात मिळतात. नीट बसवले तर १५ डेसिबल तरी नक्की कमी करतात. मग वरच्या हिशोबात १०० चे ८५ होतात आणि १५ मिनिटांचे ८ तास. थोडे पैसे जास्त खर्चायची तयारी असेल तर वादकांसाठीचे फिल्टरवाले प्लग घ्या. फोम वरच्या पट्टीतला आवाज जास्त खातो, त्यामुळे गाणं गोधडीतून ऐकल्यासारखं वाटतं. फिल्टरवाल्यात सगळं सारखंच कमी होतं, गाण्याचा रंग टिकतो. गाण्याचा रंग गेला की मुलं दहाव्या मिनिटाला प्लग काढून खिशात टाकतात. तेव्हा शक्य असेल तर फिल्टरवालेच.

फोमचे प्लग बहुतेक लोक चुकीचे घालतात, म्हणून रीत सांगतो. हात स्वच्छ धुवायचे. प्लग बोटांच्या चिमटीत वळायचा, निरांजनाची वात वळतो तसा, सुरकुती न पडता काडीएवढा बारीक होईपर्यंत. उजव्या कानात घालायचा तर डावा हात डोक्यावरून नेऊन उजवा कान वर आणि मागे ओढायचा. याने कानाची नळी सरळ होते. मग वळलेला प्लग पटकन आत सारायचा आणि बोटाने अर्धा मिनिट दाबून धरायचा, म्हणजे तो आतच फुगतो. नीट बसला की स्वतःचा आवाज डोक्यातून घुमल्यासारखा येतो. समोरून बघणाऱ्याला प्लग कानाबाहेर आलेला दिसला तर तो पुरता आत गेलेला नाही. दोघींनी हे घरी मिक्सर लावून चार वेळा करून बघावं, आणि एकमेकींचे कान तपासावेत. स्टेडियमच्या अंधारात, गर्दीत, पहिल्यांदा शिकायची ही गोष्ट नाही. सोबत एक जोडी जादा असू द्या, कारण एक तरी खाली पडतोच.

तुमची लेक पथकात वाजवत असेल किंवा विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर नाचत असेल, तर तेच प्लग तिथेही हवेत. आपल्याकडे रॉक म्हटलं की पालकांना काळजी वाटते, ताशाच्या शेजारी दोन-तीन तास उभ्या असलेल्या मुलाची वाटत नाही. कानाला दोन्ही सारखेच.

आता तिकीट. पहिल्या वेळेला बसायची जागा घ्या, उभं राहायची नको. स्टेजला लागून जे स्टँडिंग असतं तिथे चांगली जागा मिळवायला दुपारपासून उन्हात रांग धरावी लागते, एकदा पुढे गेलं की स्वच्छतागृहालाही बाहेर पडवत नाही, आणि १६ वर्षांच्या मुलीसमोर सहा फुटी माणूस उभा राहिला की तिला त्याची पाठच दिसते. स्टँडिंगला किमान वयाची अटही बऱ्याचदा असते, आणि कुठल्या वयापर्यंत सोबत मोठं माणूस हवं तेही तिकिटाच्या नियमांत लिहिलेलं असतं. पैसे भरण्याआधी ते पूर्ण वाचा. तिकीट अधिकृत विक्रीतूनच घ्या. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे याच स्टेडियममध्ये तीन कार्यक्रम झाले, तेव्हा काळ्या बाजारात तिकिटांचे भाव कुठच्या कुठे गेले होते, आणि अशा वेळी तेच तिकीट चार जणांना विकणारेही असतात. गेटवर पहिला आत जातो, बाकीचे बाहेर.

बसायची जागा कुठे घ्यायची? नकाशात मैदानाच्या मधल्या भागात, स्टेजच्या समोर, ‘कन्सोल’, ‘मिक्सिंग’ किंवा ‘एफओएच’ (फ्रंट ऑफ हाउस) अशी चौकट दाखवलेली असते. साउंड करणारा तिथे उभा राहून ऐकतो आणि तिथे चांगलं वाजेल असंच लावतो. त्या चौकटीच्या जितक्या समोरासमोर आणि जवळ, तितकं उत्तम. मैदानात खुर्च्या नसतील तर त्या रेषेतला खालचा स्टँड घ्या. स्टेजच्या अगदी बाजूच्या जागा स्वस्त मिळतात आणि कलाकार जवळ दिसतात, पण वरच्या पट्टीचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो आणि खर्जाचा आवाज दिव्याच्या उजेडासारखा सगळीकडे पसरतो. त्यामुळे बाजूला बसलेल्याला नुसती धमधम मिळते, शब्द मिळत नाहीत. वरच्या मजल्याच्या छताखालच्या अगदी मागच्या रांगाही टाळा. तिथे काँक्रीटवर आपटून परत आलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो.

लांब बसलात तर एक गंमत दिसेल, ती मुलींना आधीच सांगून ठेवा. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. स्टेजपासून ७० मीटरवर बसलेल्याला ठोका दिसतो आधी आणि ऐकू येतो सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने नंतर. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ढोल वाजत असताना टिपरू आधी खाली आलेलं दिसतं, तसंच. म्हणून मोठ्या मैदानात मध्ये उंच खांबांवर आणखी स्पीकर लावलेले असतात आणि त्यांचा आवाज आम्ही मोजून तेवढाच उशिरा सोडतो, म्हणजे पुढचा आणि मधला आवाज एकत्र पोचतात. आमच्या कामातला मला सगळ्यात आवडणारा हिशोब हाच आहे. चुकला तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. बरोबर आला तर ते खांब आहेत हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

गर्दीबद्दल थोडं गंभीर बोलावं लागेल. ३ डिसेंबर १९७९ ला अमेरिकेत सिनसिनाटीला ‘द हू’ या बँडच्या कार्यक्रमाआधी दारात चेंगरून ११ जणांचा जीव गेला. जागा राखीव नव्हत्या, दारं मोजकीच उघडली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोचीच्या विद्यापीठात कार्यक्रमाआधी पाऊस आला, बाहेरचे लोक आसऱ्याला आत घुसले आणि जिन्यावर चार जणांचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी घात दारात झाला, संगीत सुरू होण्याआधी. म्हणून मुलींना सांगा: दार उघडताना धावायचं नाही. जागेचा नंबर तिकिटावर आहे, तो कुठे पळून जात नाही. राखीव जागेचं तिकीट घ्या म्हणतो त्यामागे हेही कारण आहे.

दाटी किती झाली म्हणजे धोका, हे अंगाला कळतं. दोन्ही हात सहज चेहऱ्यापर्यंत आणता येतात तोवर ठीक. हात खालीच अडकले, किंवा न चालता आपण सरकतोय असं वाटलं, की ताबडतोब बाहेर निघायचं. मला हा धडा २००३ च्या पुढच्या वर्षी एका कॉलेजच्या मैदानावर मिळाला. मागून रेटा आला आणि माझे पाय जमिनीवरून उचलले गेले. मित्राने कॉलर धरली आणि मला तिरकं, बाजूला ओढत नेलं. रेट्याच्या विरुद्ध उलटं जायचा प्रयत्न केला असता तर दोघेही पडलो असतो. रेटा येऊन ओसरतो, मधल्या क्षणात तिरकं एक-दोन पावलं सरकायचं, दोन्ही हात बॉक्सरसारखे छातीपुढे ठेवायचे म्हणजे श्वासाला जागा राहते, आणि खाली पडलेली वस्तू उचलायला वाकायचं नाही. मोबाइल पडला तरी नाही. हे शेवटचं वाक्य दोघींकडून दोनदा म्हणवून घ्या.

आणि दोघी म्हणजे दोघी. स्वच्छतागृहाला, पाणी प्यायला, खायला, जिथे जायचं तिथे जोडीने. एक थांबते, दुसरी पटकन जाऊन येते, असं नको. हजारो मोबाइल एका जागी आले की नेटवर्क कोलमडतं, फोन लागत नाही, मेसेज तासाभराने पोचतो. म्हणून आत गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत चुकामूक झाल्यास भेटायची जागा ठरवायची. ‘गेटजवळ’ असं मोघम नको, कारण कार्यक्रम सुटल्यावर गेटवर उभंच राहता येत नाही. आपापल्या खुर्चीवर परत यायचं, हे सगळ्यात चांगलं. आत्याचा नंबर कागदावर लिहून दोघींच्या खिशात. पाण्याची बाटली, पॉवर बँक, छत्री बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, तेव्हा निघताना मोबाइल पूर्ण चार्ज करून घ्यायचा आणि पोटभर जेवून, भरपूर पाणी पिऊन निघायचं. दारूचे स्टॉल आत असू शकतात. महाराष्ट्रात बिअरलाही वय २१ लागतं. अनोळखी माणसाने दिलेला कुठलाच ग्लास हातात घ्यायचा नाही, एवढं सांगितलं की पुरे. या वयाच्या मुली शहाण्या असतात.

परतीचं मी तुमच्या जागी असतो तर असं ठरवलं असतं. आपल्याकडे रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे, खास परवानगी असली तरच सवलत मिळते. त्यामुळे मैदानावरचे कार्यक्रम वेळेवर सुरू होतात आणि १० च्या सुमारास संपतात. संपल्या-संपल्या सगळं स्टेडियम नेरुळ स्टेशनकडे धावतं. दोघींनी अर्धा तास खुर्चीवरच बसावं. स्टेज उतरवायला सुरुवात झालेली असते, स्टेजवरच्या धातूच्या सांगाड्यावरून दिवे खाली येत असतात, ते बघण्यासारखं असतं. मग निवांत निघावं. लोकलचं परतीचं तिकीट जातानाच काढलेलं असावं. नेरुळहून वाशी तिसरं स्टेशन आहे, जुईनगर, सानपाडा आणि वाशी. आत्याने किंवा त्यांच्या घरच्या कुणी वाशी स्टेशनवर येऊन थांबावं, स्टेडियमच्या दारात नको. तिथे कुणी कुणाला सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना कार्यक्रमाबद्दल भरभरून बोलू द्या. मग एका शांत खोलीत, पंखा बंद करून, दोघींना मिनिटभर बसायला सांगा. कानात शिट्टी आहे का, एका कानाने कमी ऐकू येतंय का, हे विचारा. ओरडा बसेल या भीतीने मुलं हे लपवतात, आम्हीही लपवलं होतं. बारीक शिट्टी असेल तर दोन दिवस हेडफोन बंद, मोठा आवाज बंद, भरपूर झोप. त्याच्या पुढच्या दिवशीही ती तशीच राहिली किंवा ऐकू कमी येत असेल तर वाट बघू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे घेऊन जा. अशा इजेवर उपचाराचा उपयोग व्हायचा असेल तर तो सुरुवातीच्या दिवसांतच होतो.